28 पेले, 17 रोपं : तिसरीच्या वर्गातलं वसंतातलं एक प्रकरण

प्राथमिक शाळेचं वसंतातलं वार्तापत्र उघडलं की आधी तारखांची रांग दिसते. 21 मार्चला कविता दिन आणि त्याच दिवशी वन दिन, दुसऱ्या दिवशी जल दिन, 2 एप्रिलला हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या वाढदिवशी बालपुस्तक दिन, 22 एप्रिलला वसुंधरा दिन. त्यात वर्गाचे फोटो, क्रीडा दिन, सहल, वाचन सप्ताह आणि वर्षअखेरच्या चाचण्या. वर्षभर जे जे राहून गेलं ते सगळं या आठ-दहा आठवड्यांत बसवायची धडपड असते. या गर्दीत बी पेरण्याचा उपक्रम सगळ्यात बिनत्रासाचा वाटतो. पेला, माती, बी, पाणी, झालं. म्हणूनच त्याचं नियोजन सगळ्यात कमी होतं.

पुढे मांडलेलं प्रकरण शिक्षकांच्या चर्चेसाठी रचलेलं आहे. शाळा आणि माणसं कल्पित आहेत. पण यातली एकेक गोष्ट कुठल्या ना कुठल्या वर्गात घडत असते. बियांचं वागणं मात्र खरंखुरं आहे, त्यात काही रचलेलं नाही.

काय ठरलं होतं

तिसरीच्या वर्गात 28 मुलं. 22 एप्रिलला, बुधवारी, पालकांना वर्ग पाहायला बोलवायचं आणि प्रत्येक मुलाने पारदर्शक पेल्यात वाढवलेलं घेवड्याचं रोप मांडायचं, असा बेत. पेरणी 6 एप्रिलला, सोमवारी. म्हणजे हातात 16 दिवस. घेवडा शाळांचा आवडता, कारण बी मोठं, चिमुकल्या बोटांनाही धरता येतं. माती 20 ते 25 अंश सेल्सिअस असली तर साधारण आठवडा-दहा दिवसांत डोकं वर काढतं. कागदावर हिशेब बरोबर होता.

मार्चच्या वार्तापत्रात वाक्य छापून गेलं : ‘वसुंधरा दिनी तिसरीचं प्रत्येक मूल स्वतः वाढवलेलं रोप आपल्याला दाखवेल आणि ते घरी घेऊन येईल.’ वाक्य गोड आहे. पुढे जे काही झालं त्याचं मूळ मला या वाक्यातच दिसतं, म्हणून ते जसंच्या तसं दिलं.

मुलांनी घरून वापरलेले पेले आणले. बाईंनी दाभणाने तळाला भोकं पाडायला घेतली, पण तास संपला आणि काही पेले तसेच राहिले. उद्या पाडू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वाचन सप्ताहाची मिरवणूक होती. पेले तीन ठिकाणी ठेवले गेले : खिडकीच्या कट्ट्यावर 8, मागच्या कपाटावर 12 आणि बाईंच्या टेबलाशेजारच्या मांडणीवर 8. कोणाचा पेला कुठे, हे ज्याने आधी जागा पकडली त्याच्यावर ठरलं.

9 ते 12 एप्रिल अशी चार दिवसांची सुट्टी आली. वर्ग बंद, रात्री गारवा.

गुरुवारचा पंचनामा

16 एप्रिलला बाईंनी मोजलं तेव्हा 17 पेल्यांत हिरवं काही दिसत होतं. 11 पेल्यांत नुसती माती. पहिल्या बाकावरचा एक मुलगा रोज सकाळी दप्तर टाकण्याआधी पेला पाहायला जायचा, तो त्या दिवशी गेलाच नाही. ‘बाई, माझं मेलं,’ एवढंच म्हणाला आणि गणिताचं पुस्तक काढलं. त्याच्या मागच्या मुलीच्या रोपाला चार पानं फुटली होती आणि तिने त्याला नावही ठेवलं होतं. तिसरीच्या वयात तुलना करायला कोणी शिकवावं लागत नाही.

त्याच संध्याकाळी पालक-मदतनिसांपैकी एका आईचा निरोप आला. तिला मुलीकडून सगळं कळलं होतं. ‘बाई, काळजी करू नका. मी रोपवाटिकेतून 11 रोपं आणते, तेवढ्याच उंचीची. रविवारी येऊन पेल्यांत लावून टाकू. मुलांना कळणारही नाही.’

या निरोपाकडे ‘फसवणूक’ म्हणून बोट दाखवणं सोपं आहे, आणि चर्चेत बहुतेक जण पहिल्या दोन मिनिटांत तेच करतात. मला ते पटत नाही. 11 मुलं 17 मुलांसमोर रिकामे पेले घेऊन उभी राहतील, हे चित्र त्या आईने इतर कोणाच्याही आधी पाहिलं होतं. तिचा उपाय चुकीचा होता, पण तिला दिसलेली अडचण खरी होती. मुख्याध्यापिकांना दिसलेली अडचण वेगळी : ‘वार्तापत्रात प्रत्येक मूल असं छापलंय.’ त्यांनी सुचवलं की दोन मुलांत एक रोप असं मांडू, गटकार्य म्हणता येईल. यात खोटं काही नव्हतं, पण खरं काय घडलं तेही झाकलं जात होतं.

बाईंपुढे तिसरा रस्ता होता : 17 रोपं मांडायची, 11 पेले कपाटात ठेवायचे आणि त्या मुलांना फलक रंगवायला द्यायचा. अनेक शाळांत हेच होतं, कोणी ठरवून करत नाही, आपोआप होतं.

त्यांनी शुक्रवारी दोन गोष्टी केल्या. त्या आईला फोन करून रोपं आणू नका, पण बुधवारी तासभर आधी या, असं सांगितलं. आणि त्याच पाकिटातल्या उरलेल्या बियांपैकी 10 बिया ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवून गुंडाळी उबदार जागी, कपाटात ठेवली. बी चांगलं होतं की नाही, हा प्रश्न आधी निकालात काढायला हवा होता. ही युक्ती काही शाळेतली नव्हे. बी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आजही असंच करतात, फक्त मोठ्या प्रमाणावर. फ्रीडरिश नोबे याने 1869 मध्ये जर्मनीत थारांट इथे पहिलं बीजपरीक्षण केंद्र सुरू केलं तेव्हा व्यापारी बियांत काय काय मिसळतात हे त्याला शोधायचं होतं. आज प्रमाणित चाचणीला 400 बिया लागतात. वर्गाला 10 पुरेशा होत्या.

सोमवार : माती उकरण्याचा तास

20 एप्रिलला विज्ञानाचा तास आणि त्याला जोडून चित्रकलेचा तास घेतला. जुनी वर्तमानपत्रं पसरली, 11 पेले ओळीने मांडले. बाईंनी नियम एकच सांगितला : माती चमच्याने बाजूला करायची, बोटाने खुपसायची नाही, आणि जे दिसेल ते आधी वहीत काढायचं, मग बोलायचं. ज्यांची रोपं उगवली होती ती मुलं लिहून घेणार, ज्यांची नाही ती उकरणार. कामाची ही वाटणी साधी वाटते, पण तिने वर्गातलं वजन फिरवलं. त्या तासाला चमचा ज्याच्या हातात तो महत्त्वाचा.

पहिल्या पेल्यातून वास आला आणि दोन मुलांनी नाकं धरली. बी फुगलेलं, टरफल सुटलेलं, आत करडा लगदा. असे एकूण 5 पेले निघाले. पाचही खिडकीच्या कट्ट्यावरचे. ‘थंडीने मेले,’ वर्ग एका सुरात म्हणाला. खिडकीची काच रात्री गार पडते हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे उत्तर ओठांवरच होतं.

तेवढ्यात लिहून घेणाऱ्यांपैकी एक मुलगी म्हणाली, ‘पण माझाही पेला खिडकीतच होता.’ तिचं रोप तर उगवलं होतं. खिडकीत 8 पेले होते. 5 कुजले, 3 उगवले. मग त्या तिघांत वेगळं काय? मुलांनी पेले उलटे केले. उगवलेल्या तिन्हींच्या तळाला भोकं होती. कुजलेल्या पाचांपैकी एकालाही नव्हतं.

हा अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला क्षण आहे, आणि तो कोणत्याही पाठाच्या नियोजनात नव्हता. एकाच खिडकीतल्या, एकच गारवा सोसलेल्या दोन गटांची तुलना मुलांनी स्वतः केली आणि ओठांवरचं उत्तर मागे घेतलं. थंडीचा काही वाटा नव्हता असं यातून ठरत नाही. गार मातीत बी हळू फुगतं, ओल्यात जास्त दिवस पडून राहतं, आणि बुरशीला वेळ मिळतो. बाईंनी तेही फळ्यावर लिहिलं : ‘फक्त थंडी? नाही. थंडी + भोक नसणं? असू शकेल.’ आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘असू शकेल’ हा शब्द कठीण आहे. त्यांना हो किंवा नाही हवं असतं.

भोक नसल्याने बी का मरतं, यावर एका मुलाचं म्हणणं होतं की बी बुडालं. ते जवळपास बरोबर होतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि अंकुरणारं बी श्वास घेत असतं. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागाच उरत नाही. पण एवढं पाणी आलं कुठून? मुलं तर दिवसाआड दोन चमचे घालत होती, तक्त्यावर खुणाही होत्या.

उत्तर मधल्या सुट्टीत मिळालं. वर्गाची झाडलोट करणाऱ्या मावशी रोज संध्याकाळी खिडकी पुसताना कट्ट्यावरच्या पेल्यांना पाणी घालत होत्या. सुट्टीतही दोनदा आल्या होत्या, तेव्हाही घातलं. ‘पोरं नाहीत, रोपं तहानेली राहतील वाटलं,’ त्या म्हणाल्या. कपाट आणि मांडणी त्यांच्या पुसण्यात नव्हती म्हणून तिकडचे पेले वाचले. बाईंनी हे मुलांना स्वतः सांगितलं नाही. मावशींना विचारलं आणि त्यांनी वर्गात येऊन स्वतःच सांगितलं. मुलांनी त्यांना उलटा प्रश्न केला : तुम्ही किती चमचे घालायचात? त्या हसल्या. ‘चमचे कुठले, भांडंच ओतायचे.’ तक्त्यावर एक नवा रकाना आला : ‘मावशींचं पाणी’. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, नुसती नोंद होती. एकाच कामाची जबाबदारी दोघांनी, एकमेकांना न सांगता, प्रेमाने घेतली की काय होतं याचं हे उदाहरण मोठ्यांच्या बैठकीतही चालेल.

उरलेले 6 पेले मागच्या कपाटावरचे आणि मांडणीवरचे. दोघांत बी खोल, जवळजवळ तळाशी गेलं होतं. ते जिवंत होतं. पांढरा दांडा कमानीसारखा वाकून मातीतून वर यायच्या बेतात होता. ‘हे मेलेलं नाहीये!’ अशी आरोळी शेजारच्या वर्गापर्यंत गेली. माती हलकेच परत लोटली.

न उगवणं आणि मरणं यांत किती अंतर असू शकतं हे सांगायला बाईंनी विल्यम बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 1879 मध्ये त्याने मिशिगनमधल्या आपल्या कॉलेजच्या आवारात 20 बाटल्या पुरल्या. प्रत्येकीत 21 जातींच्या 50-50 बिया, वाळूत मिसळून. दर पाच वर्षांनी एक बाटली काढून बिया पेरायच्या. पुढच्या लोकांनी हे अंतर आधी 10 आणि मग 20 वर्षांवर नेलं. 2021 च्या एप्रिलमध्ये एक बाटली रात्रीच्या अंधारात उकरली गेली, उरलेल्या बियांना उजेड लागू नये म्हणून, आणि 141 वर्षांहून जास्त काळ मातीत पडलेल्या काही बिया उगवल्या. पुढची बाटली 2040 मध्ये. वर्गाने लगेच वजाबाकी करून आपण तेव्हा किती वर्षांचे असू ते काढलं आणि गोष्ट तिथेच थांबली, कारण प्रत्येकाला आपापलं उत्तर ओरडून सांगायचं होतं.

उकरणारी मुलगी

तीन पेल्यांत अंकुर मोडलेला सापडला. त्यांपैकी दोन कसे मोडले ते कळलं नाही. धक्का लागला असेल. तिसरा मांडणीजवळच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीचा. ती विचारायच्या आधीच म्हणाली, ‘मी रोज बघायचे.’ सुट्टीचे दिवस सोडले तर ती रोज मधल्या सुट्टीत बी बाहेर काढायची, पाहायची, परत पुरायची. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण उकरू नका असं बाईंनी बजावलं होतं.

बाईंनी तिची निरीक्षणवही मागितली. इतर 27 वह्यांत पहिल्या आठवड्याचं चित्र एकच होतं : पेला आणि माती. दिवस पहिला पेला आणि माती, दिवस दुसरा पेला आणि माती. काहींनी कंटाळून ‘कालच्यासारखंच’ असं लिहिलं होतं. हिच्या वहीत बी होतं. सुरकुतलेलं टरफल. मग फुगून गुळगुळीत झालेलं. सुट्टीनंतरच्या सोमवारी एका कडेला पांढरं टोक, आणि शेजारी वेड्यावाकड्या अक्षरात ‘दात आला’. मंगळवारी तो दात खाली वळलेला. तिने बी परत पुरताना उलटं ठेवलं असावं, कारण बुधवारच्या चित्रात मूळ आधी वर आणि मग वाकून पुन्हा खाली गेलेलं होतं. गुरुवारी मोडलेलं.

मूळ खाली जातं हे पुस्तकात असतं. पण बी उलटं केलं तरी ते वळून खालीच जातं, हे तिने केवळ नियम मोडल्यामुळे पाहिलं होतं. 1806 मध्ये टॉमस नाइट या इंग्लिश बागायत-अभ्यासकाने शेंगवर्गातल्याच बिया पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बांधून हाच प्रश्न विचारला होता. चाक जोरात फिरलं की मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला वाढली आणि अंकुर आतल्या. मुळाला ‘खाली’ कळतं ते ओढीमुळे, हे त्यावरून दिसलं. तिसरीच्या मुलीने अजाणता त्या प्रश्नाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला होता.

इथे बाई जे वागल्या ते मला या प्रकरणात सगळ्यात विचार करण्यासारखं वाटतं. त्यांनी तिला शाबासकी देऊन वर्गाची शास्त्रज्ञ ठरवलं नाही. रागावल्याही नाहीत. ‘तुझ्या वहीत जे आहे ते कोणाकडेच नाही. आणि तुझं बी तू रोज काढल्यामुळे मोडलं. दोन्ही लिही,’ असं म्हणाल्या. मुलीने दोन्ही लिहिलं. मग तिने विचारलं की बी न काढता आतलं दिसेल असं काही करता येईल का. पेला पारदर्शक होता. बी मधोमध पुरण्याऐवजी काचेसारख्या कडेला टेकवून पेरलं असतं तर सगळं दिसलं असतं. पेले पारदर्शक निवडण्यामागे मुळात तोच हेतू होता, पण पेरणीच्या गडबडीत तो सांगायचाच राहिला.

शेवटचा, अकरावा पेला. चमचा तळापर्यंत गेला, माती सगळी कागदावर आली, आणि बी नाहीच. पहिल्या बाकावरचा तोच मुलगा. वर्ग खो-खो हसला, तोही हसला, पण कान लाल झाले होते. मंगळवारी त्याला बी कंपासपेटीत, खोडरबराच्या खाली सापडलं. पेरणीच्या दिवशी दोस्ताशी बोलता बोलता तिथेच ठेवलं होतं आणि 14 दिवस रिकाम्या मातीला नेमाने पाणी घातलं होतं.

एका पेल्यावर तीन कामं

प्रदर्शनाआधीच्या दोन दिवसांत शाळेत जो गोंधळ झाला त्याचं कारण बियांमध्ये शोधून सापडणार नाही. एकाच पेल्यावर तीन कामं टाकली होती. तो प्रयोग होता, पालकांना द्यायची भेट होती आणि प्रदर्शनातली मांडणीही होती. भेट ठरल्या दिवशी तयार हवी. मांडणी नीटनेटकी हवी. प्रयोगाला मात्र यातलं काहीच बंधन घालता येत नाही. त्याचं उत्तर आधीच छापून टाकलं तर तो प्रयोग राहत नाही. वार्तापत्रातल्या त्या गोड वाक्याने नेमकं हेच केलं. शाळा काय करणार आहे हे सांगण्याऐवजी बी काय करणार आहे याचं वचन दिलं, आणि ते वचन पाळायची वेळ आली तेव्हा एका भल्या आईला रोपवाटिका आठवली.

उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग शाळेला झेपतो का, असं कोणी विचारलं तर एक जुना दाखला आहे. 1984 मध्ये अवकाशयानातून सोडलेल्या एका उपग्रहासोबत टोमॅटोच्या सुमारे सव्वाकोटी बिया गेल्या होत्या. तो 1990 च्या जानेवारीत परत आणला गेला आणि जवळजवळ सहा वर्षं अवकाशात राहिलेल्या त्या बिया शाळाशाळांतून वाटल्या गेल्या. जोडीला जमिनीवर ठेवलेल्या बिया. काय उगवेल, किती उगवेल, हे पाठवणाऱ्या नासालाही ठाऊक नव्हतं. मुलांनी पेरून, मोजून कळवायचं होतं. तिथे न उगवलेलं बी हीसुद्धा तितकीच मोलाची नोंद होती. घेवड्याच्या पेल्याला तोच मान द्यायला काही अवकाशयान लागत नाही.

मंगळवारी मुख्याध्यापिकांनी पालकांना छोटं पत्रक पाठवलं. बाईंनी लिहिलेला मसुदा त्यांनी दोनदा कापला आणि बरं केलं. शेवटी उरलं ते असं : ‘तिसरीच्या 28 पेल्यांपैकी 17 मध्ये रोपं आली आहेत. उरलेल्या 11 चं काय झालं ते मुलांनी शोधलं आहे. उद्या ते तुम्हाला दाखवतील. रोपं नसलेली मुलं नवं बी घरी आणतील.’ यात दिलगिरी नाही, सबब नाही, आकडे आहेत. मुख्याध्यापिकांना आधी ‘11’ हा आकडा नको होता. ‘काही’ लिहू म्हणाल्या. मग त्यांनाच वाटलं की ‘काही’ वाचून प्रत्येक पालक आपलं मूल त्यात आहे का याचाच विचार करत बसेल.

बुधवार

टेबलं तीन होती. पहिल्यावर 17 रोपं. मधल्यावर 11 पेले, प्रत्येकाशेजारी उकरताना काढलेलं चित्र आणि एक ओळ. तिसऱ्यावर कागदाची गुंडाळी उलगडून ठेवलेली : 10 पैकी 9 बियांना मोड. म्हणजे पाकिटात खोट नव्हती. कंपासपेटीवाल्या मुलाने आपला रिकामा पेला ठेवला आणि त्याच्यासमोर, एका कागदी ताटलीत, बी. ओळ लिहिली होती : ‘याला रोज पाणी दिलं. हे तिथे नव्हतं.’ गर्दी त्याच्यापुढे झाली.

रोपवाटिकेचा निरोप पाठवणारी आई तासभर आधी आली होती. बाईंनी तिला मधल्या टेबलाची जबाबदारी दिली; मुलं गोंधळली तर नुसतं ‘मग काय झालं?’ असं विचारायचं. तिला ते जमलं.

सगळे पालक खूश झाले असं मात्र झालं नाही. एका वडिलांनी सरळ म्हटलं की बाकीच्या वर्गांनी गाणी बसवली, नाच बसवले, आणि आम्ही सुट्टी काढून आलो ते कुजलेल्या बिया पाहायला. त्यांची मुलगी त्या पाच कुजलेल्यांपैकी एक होती आणि भोकाचा शोध सांगताना शेवटी अडखळली होती. बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचंही नाही. मुलाने आपलं फसलेलं काम चारचौघांत मांडायचं, तर त्याला ‘नको’ म्हणायची मुभा हवी, आणि ती सोमवारी कोणी विचारलीच नव्हती. वर्गातल्या 11 पैकी एखाद्याला ते टेबल नको असू शकतं. पुढच्या खेपेला आधी विचारायचं, हे बैठकीत ठरलं.

खोल गेलेल्या दोन बियांपैकी एक त्या दिवशी दुपारी, पालक गेल्यावर, वर आलं. दुसरं आलंच नाही.

पुढच्या वसंतासाठी

बैठक छोटी झाली. पेरणी तीन आठवडे आधी, आणि पेरणीच्याही आठवडाभर आधी 10 बियांची गुंडाळी. प्रत्येक पेल्यात दोन बिया, शिवाय वर्गाचे सहा जादा पेले, नाव नसलेले. भोकं पेरणीच्या आदल्या दिवशी, माती भरण्याआधी. पाण्याचा तक्ता दारावर, मावशींच्या रकान्यासह. बी पेल्याच्या कडेला टेकवून. हे सगळं पंधरा मिनिटांत ठरलं.

वेळ गेला तो वार्तापत्रावर. चौथीच्या सरांनी रॉबर्ट मार्शम याचा विषय काढला. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या या जमीनदाराने 1736 पासून दर वर्षी वसंताच्या खुणांच्या तारखा टिपल्या : पहिलं फूल कधी, कोणत्या झाडाला पालवी कधी, पाकोळ्या कधी आल्या. घरच्यांनी ती वही 1958 पर्यंत चालू ठेवली. वसंत अमुक तारखेला येईल असं त्याने कधी जाहीर केलं नाही, तो आला की लिहून ठेवलं. सरांचं म्हणणं, वार्तापत्रात ‘पुढच्या महिन्यात’ हे सदर राहू द्या, पण त्याच्या शेजारी ‘या आठवड्यात दिसलं’ असं एक सदर मुलांनी लिहावं. पहिल्यात फक्त शाळेच्या हातात असलेल्या गोष्टी : सहल किती वाजता, फोटो कोणत्या दिवशी. दुसऱ्यात निसर्गाचं जे जे असेल ते, घडून गेल्यावर.

याची परीक्षा लगेचच आली. दुसरीच्या वर्गात फुलपाखरांच्या अळ्या आणल्या होत्या आणि मेच्या वार्तापत्राच्या मसुद्यात ‘15 मे रोजी सकाळी 10 वाजता फुलपाखरं मोकळी सोडली जातील, पालकांनी उपस्थित राहावं’ असं लिहून तयार होतं. अळी दोनेक आठवडे खाते, मग कोश, आणि कोशातून बाहेर यायला आठवडा ते दहा दिवस. उबेवर दोन-चार दिवस इकडेतिकडे. तारीख काढून टाकायचं सगळ्यांना पटलं. त्या जागी लिहिलं, ‘कोश उघडले की आदल्या संध्याकाळी कळवू.’

दुसरीच्या बाईंनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती. आदल्या संध्याकाळी कळवलं तर ज्यांना सुट्टी मिळते तेच पालक येणार. पाळीवर काम करणाऱ्यांची मुलं दर वेळी एकटीच उभी राहणार. ठरलेल्या तारखेने निसर्गाची अडचण होते, न ठरलेल्या तारखेने माणसांची. त्यावर बैठकीत तोडगा निघाला नाही. तूर्त असं ठरलं की सोडायच्या दिवशी मुलांनी चित्रफीत काढायची आणि 15 मेला, मसुद्यातल्याच वेळी 10 वाजता, पालकांना वर्गात बोलवून ती दाखवायची, रिकाम्या कोशांसकट.